पिशवीतल्या तेलाची पेंड

वडील गेले तेव्हा भेटायला आलेला जो तो एकच सांगायचा, “दुष्काळानं घाणा खाल्ला, आन् घाण्यामागं माणूस गेला.” मी ऐकून घेत राहिलो. सुतकात भांडू नये म्हणतात. आता सुतक फिटलं आहे.

उदगीरकडच्या आमच्या गावात वडिलांचा विजेवरचा तेलघाणा होता. लोक घरची करडी आणत, तेल काढून नेत. मजुरी पैशात नसे. उरलेली पेंड अर्धी गिऱ्हाइकाची, अर्धी घाण्याची. आपल्या वाट्याची पेंड वडील म्हशीवाल्यांना विकत, त्यावर घर चाले. माझी पुस्तकंही त्याच पेंडीवर आली. पुस्तकांना तिचा वास यायचा.

दुष्काळ त्या घाण्यानं आधीही पाहिले होते. एखादं साल गप्प राहायचा, पुन्हा घरघरू लागायचा. पण मधल्या काळात आग्नेय आशियातल्या देशांशी मुक्त व्यापाराचा करार झाला होता. आयातीवरची जकात उतरत गेली आणि किराणा दुकानांत पामतेलाच्या पिशव्या आल्या, करडीच्या तेलाहून कितीतरी स्वस्त. पेपरात याला ग्राहकाचं हित म्हणत. ते पेपर मीच वडिलांना वाचून दाखवायचो.

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात शेजारची एक बाई पिशवी घेऊन घाण्यावर आली. तिच्या दावणीला एकच म्हैस उरली होती.

“मामा, हे तेल घेतलंय. ह्याची माझी अर्धी पेंड द्या.”

वडील म्हणाले, “पेंड तिकडंच ऱ्हायली, बाई. समुद्राच्या पल्याड.”

“म्हंजी तिकडल्या म्हशी लई नशिबाच्या!”

“हाव. तू आता तिला पिशवीच चार.”

घाण्यावरचे सगळे हसले. पुढच्याच बाजारी तिनं म्हैस विकली. पेंड जिच्यासाठी लागायची ती म्हैसच गेली, हे कुणाच्या हिताच्या हिशेबात धरलं होतं?

मग पाऊस झाला, चांगला झाला. वडिलांनी घाण्याला नवा पट्टा बसवला, ग्रीस भरलं आणि वाट पाहिली. करडी कुणी पेरलीच नव्हती. “पिशवी मिळती की, मामा,” लोक म्हणायचे. त्याच दिवसांत चौकात नव्या जिल्ह्यासाठी सभा झाली. उदगीर जिल्हा झाला की उद्योग येतील, असं वक्ता ओरडून सांगत होता. वडील पुढं बसून ऐकत होते. होता तो उद्योग त्यांनी महिन्याभरात भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवून दिला. त्यानंतर त्यांच्या हातांना काही काम उरलं नाही. ते नुसते तळवे एकमेकांवर घासत बसायचे.

ते ऐन थंडीत गेले. गेल्या जागी दहा दिवस दिवा तेवत ठेवायचा असतो. चुलतभावानं दुकानातून तेल आणलं. करडीचं मिळालंच नाही, पामतेलाची पिशवी मिळाली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर दिवा विझलेला, आणि पणतीत तेल तुपासारखं पांढरं थिजलेलं.

“वाऱ्यानं गेला असंल,” आत्या म्हणाली.

“दार लावलेलं होतं, आत्या,” मी म्हणालो. “खिडकी या खोलीला नाहीच.”