पान आलं, निकाल आलाच नव्हता

दोन हजार सालानंतरची गोष्ट. ब्रह्मपुरीत मी दोन कॉम्प्युटर मांडून इंटरनेटचं दुकान थाटलं होतं. बारावीच्या निकालाला गर्दी होणार, म्हणून ऐटीत एक प्रोग्राम लिहिला. तो बोर्डाच्या साइटवर परीक्षेचा नंबर टाकायचा, बटण दाबायचा, पान उघडलं की निकाल वाचायचा आणि मोठ्या चौकटीत पास किंवा नापास दाखवायचा. मी नुसतं शेठसारखं बसायचं.

पान उघडलं की ब्राउझर प्रोग्रामला तसं कळवायचा. पण तो आमच्या स्टँडवरच्या जीपवाल्यांच्या जातीचा निघाला. ते इंजिन चालू करून ‘निघाली, निघाली’ ओरडतात, गाडी थोडी पुढे घेतात आणि हळूच मागे आणतात. ड्रायव्हरच्या उजव्या बाजूलाही एक माणूस कोंबला जाईपर्यंत गाडी निघाली असं ब्रह्मपुरीत कुणी मानत नाही. मी मात्र ब्राउझरवर विश्वास ठेवला. त्या साइटचं पान तुकड्यांत यायचं. वरची पट्टी आली की हा ‘झालं’ म्हणून मोकळा. खाली अजून आधीच्याचाच निकाल!

पहिल्या पोराचा निकाल मी हातानंच पाहिला. तो पास होऊन गेला. मग एक काका आले, आपला मुलगा आणि मुलगी दोघांना घेऊन. पास होणाऱ्याला नागपूरला शिकवायचं, पण मुलगी नापास झाली तर तिचं लग्न, असं ठरलेलं.

प्रोग्राम चालवला. मुलगा पास! काकांनी त्याला मिठीच मारली. मग मुलगी. नापास.

“मले माहीतच होतं,” काका म्हणाले. “लावून टाकू औंदा लगीन.”

मुलगी मात्र रडली नाही, स्क्रीनला नाक लावून बसली. “दादा, तुह्या चौकटीच्या मागं पाह्य. माह्यं नाव दिसून राह्यलं, अन् पास लिवलं हाये!”

तिचं खरं पान आत्ता रांगत आलं होतं. माझी ट्यूब पेटली. ज्याचा नंबर टाकलाय तोच नंबर निकालावर दिसेपर्यंत गप्प राहायचं, असं मी प्रोग्रामला बजावलं आणि पुन्हा चालवला. मुलगी पास. मुलगा नापास.

“मशीनचा का भरोसा?” काका म्हणाले. “तिचं अजून एकदा पाह्य.”

मी आनंदानं पाहिलं. पास. “अजून पाहू?”

“बाबा,” मुलगी म्हणाली, “मी नापास झाली तवा काऊन नाई म्हटलं, अजून एकदा पाह्य?”

काका टोपी चाचपत बसले. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, “नागपूरच्या कॉलेजचे फॉर्म कवा भेटते रे?”