आप्पांची राखणदार म्हैस

आप्पांच्या कादंबरीतली चेटकीण मंत्र म्हणायची तो असा: "जळ की आता!" मंत्र संस्कृतात नको का, असं मी विचारलं तर म्हणाले, "मास्तर, आग लावायची हाय, पूजा घालायची न्हाय."

गडमुडशिंगीचे आप्पा डेअरीतून निवृत्त झाले आणि जादूच्या कादंबरीला लागले. नातवंडांची त्या धर्तीची सगळी पुस्तकं वाचून त्यांनी निकाल दिला होता: जादू ठीक, जनावरं बेकार. "लांडगा म्हणं पोरीची राखण करतोय! त्यो खाईल की तिला." ज्याला आपण वैरण घातली त्यानंच आपल्याला राखावं, असं त्यांचं मत. म्हणून त्यांच्या अनाथ चंपीची राखणदार होती एक म्हैस. ती उडत नसे, चमकत नसे, बोलत तर मुळीच नसे. शेवटच्या प्रकरणात चेटकीण कळंबा तलावाकाठी आगीचे मंत्र सोडते. म्हैस चंपीला अंगाआड घेऊन चिखलात बसते आणि रवंथ करते. मंत्र संपतात, चेटकिणीचा घसा बसतो. मराठीत याहून शांत युद्ध मी वाचलेलं नाही.

पुस्तक छापून यावं, ही आप्पांची म्हातारपणची एकच हौस. पुण्याच्या एका प्रकाशकांनी होकार कळवला, पण अट घातली: म्हशीऐवजी पांढरं हरीण घ्या. जागतिक वाचकाच्या संवेदनेला म्हैस पेलत नाही म्हणे. वजनाचा विचार करता मला ते पटलं.

"करा की हरीण," मी म्हटलं. "एक शब्द तर बदलायचा."

आप्पा मुकाट्यानं लिहायला बसले. आठवड्यानं भेटले तेव्हा चेहरा उतरलेला.

"काय झालं आप्पा?"

"पळालं."

"कोण?"

"हरीण की ओ! पयल्याच मंत्राला. त्येची जातच तसली, त्ये तरी काय करंल? पोरगी एकटी ऱ्हायली चिखलात."

"लिहिणारे तुम्हीच ना? थांबवा त्याला."

"किती येळा वडून आणलं. थांबतच न्हाय."

मग माझ्यासमोरच त्यांनी पुण्याला फोन लावला. "पावणं, ऱ्हाऊ द्या पुस्तक. पोर मारून छापायचं न्हाय मला."

गेल्या वर्षी आप्पा गेले. पुस्तक आलंच नाही. दुकानात कव्हरांवर लांडगे, गरुड, पांढरी हरणं डौलात उभी असतात. मी शेवटचं युद्ध काढून उभ्या उभ्या वाचतो. बहुतेक राखणदार पहिल्याच मंत्राला पळालेले असतात. लेखकानं शेपटीला धरून उभे केलेले असतात, एवढंच. मी पुस्तक परत फळीवर ठेवतो.