पंचगंगा घाटावरची रिकामी जागा

नाकासमोर चालणं मला कधी जमलं नाही, आणि नोकरीही मिळाली ती वळसे घालून दाखवण्याची. आमच्या कॉलेजात माणसासारखा दोन पायांवर चालणारा रोबो आहे. छातीला कॅमेरा आणि गुडघ्यांना सेन्सर बांधून मी बनारसच्या गल्ल्यांतून, घाटांवरून हिंडते. सांड, मोटरसायकली, आडवे झोपलेले साधू यांना मी कशी चुकवते ते नोंदलं जातं आणि त्यावरून तो शिकतो. नावाडी त्याला बबुआ म्हणतात. मला तो पहिल्यापासून आवडला नाही. माझ्यासारखाच डावा खांदा पाडून चालतो.

थंडीतल्या एका सकाळी पंचगंगा घाटावर त्याची चाचणी होती. धुक्यात गंगा दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. बबुआ पायऱ्या उतरत आला, एका मोकळ्या पायरीपाशी थबकला, डावीकडे सरकला आणि वळसा घालून खाली गेला. पुन्हा सोडला, पुन्हा तेच.

"दीदी, यहाँ तो कुछ भी नहीं है," आमचा इंजिनिअर म्हणाला.

ती पायरी मी ओळखली. माझे बाबा रोज त्या जागी संध्येला बसत. ते गेल्या वर्षी वारले. बसलेल्या माणसाला ओलांडू नये, हे आमच्या घरात लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. ते गेल्यावरही माझे पाय त्या जागेला वळसा घालत होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. बबुआने ते माझ्याकडूनच उचललं होतं.

पण आई तेव्हा स्नानाला आली होती आणि तिने ते पाहिलं. काशीत मेला तो सुटला, या एका भरवशावर ती वर्षभर उभी होती. रडलीसुद्धा नव्हती. आता तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"मशीनला पण दिसतायत ते. म्हणजे सुटले नाहीत गं?"

तिने जेवण टाकलं. मी परोपरीने समजावलं की मशीनला काही दिसत नाही, ते नुसती माझी नक्कल करतं.

"मग तू कुणाला वळसा घालतेस?" तिने विचारलं.

शेवटी तिला वरच्या पायरीवर बसवून मी कॅमेरा-सेन्सर लावून त्या जागेवरून सरळ चालून दाखवायचं ठरवलं. पहिल्या खेपेला पाय आपोआप डावीकडे गेले. मग चप्पल काढली, मनातल्या मनात बाबांची माफी मागितली आणि तिथे पाऊल टाकलं. दगड बर्फासारखा गार होता. त्या सकाळी मी किती वेळा तशी चालले कोण जाणे. आई माझ्याकडे नाही, त्या जागेकडे बघत होती.

जुन्या नोंदी काढून या नव्या घातल्या आणि काही दिवसांनी बबुआला आईसमोर पुन्हा घाटावर आणलं. धुकं तसंच होतं. तो पायऱ्या उतरू लागला. या खेपेला थबकला नाही. त्या जागेवर त्याने पाऊल उचललं आणि आई मोठ्याने ओरडली, "अहो, उठा! जा आता तुम्ही!"

पाऊल दगडावर पडलं. आई वर्षात पहिल्यांदा हुंदके देऊन रडू लागली. तिला धरायचं सोडून मी धुक्यात बघत राहिले, कुणी उठून पाण्याकडे जातंय का ते.