अनवाणी चालणारी नटी

कपडेपटाच्या पडद्यामागे मी झग्याची शिवण उसवत बसले होते, तेव्हा ते भांडण माझ्या कानावर पडलं. चोरून ऐकलं नाही. पण उठूनही गेले नाही, हेही खरं. पलीकडे दोघंच होती. एक आमचे कॅमेऱ्यावरचे मास्तर, आणि दुसरी स्टुडिओची मोठी नटी. तिला गावभर ‘डोळेवाली’ म्हणायचे.

मास्तरांचं म्हणणं, चित्रीकरणाचा प्रखर दिवा तिच्या तोंडापासून आता तरी मागे घ्यायचा. रोज संध्याकाळी डोळ्यांतून पाणी गळतं, पापण्या सुजतात, सकाळी समोरचं धुरकट दिसतं, हे तिनंच त्यांना सांगितलं होतं. आणि आता तीच अडून बसली होती.

“दिवा मागे गेला की डोळ्यांतली चमक जाते,” ती म्हणाली. “मग माझ्यात आणि रांगेतल्या बाकीच्या पोरींत फरक काय राहिला?”

“बाई, चमक राहील आणि डोळे जातील.”

“जातील तेव्हा बघू.”

“तेव्हा बघणार कशानं?”

यावर ती हसली, आणि दिवा होता तिथेच राहिला.

ती पाववाल्याची मुलगी. बापामागोमाग पावाची टोपली घेऊन स्टुडिओच्या खानावळीत यायची. सोळाव्या वर्षी मास्तरांनी तिला दारात उभी पाहिली. पहिल्या चित्रपटात तिला काम काय, तर खिडकीतून बाहेर बघायचं. तेवढं बघणंच लोकांनी डोक्यावर घेतलं. बाप लवकर गेला, मागे आई आणि ती. आईनं लेकीचा एकही चित्रपट पाहिला नाही. म्हणायची, जी घरात रोज भांडी आपटते तिला तिकीट काढून काय बघायचं?

टोपली डोक्यावर असताना फाटकावरचा पहारेकरी तिला मागच्या दारानं पिटाळायचा. आता तोच माणूस ती आली की उठून उभा राहायचा. मला ती ‘टाचणी’ म्हणायची, माझ्या अंगकाठीवरून. म्हणायची, “टाचणी, काय वाटेल ते होवो, त्या माणसाला खाली बसू द्यायचं नाही.” तिला दुसरं काही नको होतं. दागिन्यांची हौस नव्हती, लग्नाचं नाव काढलं की विषय बदलायची.

तिशीला आली आणि खडूची खूण दिसेनाशी झाली. नटानं चालत येऊन कुठं थांबायचं, त्याची खूण जमिनीवर खडूनं करतात. पाऊलभर चुकलं तरी पडद्यावर चेहरा पुसट येतो. दोन दिवस ती चुकत राहिली, तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन रडली. स्टुडिओत गालिचे, पडदे, जे जे कापडाचं ते सगळं कपडेपटाच्या ताब्यात. मी गालिच्याच्या खालच्या बाजूनं, तिनं थांबायचं तिथं, जाड दोरी टाचून दिली. तिनं चपला काढल्या. दोरी तळव्याला लागली की थांबायचं, मान वळवायची, बोलायचं.

वर्तमानपत्रात छापून आलं, काय हा साधेपणा, अनवाणी अभिनय! बाकीच्या पोरींनीही चपला काढल्या आणि पायात खिळे भरून घेतले. एकदा तिला श्रीमंत बाईचं सोंग आलं, उंच टाचांचे बूट घालायचे होते. मी त्या बुटांचे पुढचे तळ कापून काढले. वरून बूट, खालून बोटं उघडी. अशी आम्ही दोघींनी चार वर्षं काढली.

मग तो दिवस आला. मालकांनी पाहुणे आणले होते. ऐन वेळी दिग्दर्शकाला दिसलं की गालिच्याचं एक टोक ठिणगीनं जळलंय. मला हाक मारून म्हणाला, हे टोक पलीकडे घाल. कापडाचं काम निघालं की आमचे हात डोक्याला विचारत नाहीत. दोघींना मदतीला घेऊन मी गालिचा फिरवला, सुरकुत्या काढल्या आणि चहा प्यायला गेले.

दारापासून तीन पावलांवरची दोरी आता पार दुसऱ्या टोकाला गेली होती, दिव्याच्या पायाशी. मी कप हातात घेऊन परत आले तर ती चालत होती. पायानं चाचपत, चेहरा मात्र हसरा. मी तोंड उघडेपर्यंत ती दिव्यावर जाऊन आदळली. दिवा कोसळला, तिचा हात भाजला. तरी ती उठली आणि आपलं वाक्य बोलली. नायक तिच्या पाठीमागे उभा, आणि ती एका रिकाम्या खुर्चीशी बोलत होती.

कोणी हसलं नाही. मालकांनी तिला अहो-जाहो करून आराम करायला सांगितलं. मालक इतका गोड बोलला की माणसानं आपली पिशवी उचलावी.

मी तिला धरून फाटकाकडे नेलं. वाटेत तिनं विचारलं, “गालिचा कोणी फिरवला?”

“मी.”

ती चार पावलं चालली. मग म्हणाली, “बरं झालं. परकं कोणी असतं तर आयुष्यभर शिव्या देत बसावं लागलं असतं.”

फाटकाशी आल्यावर तिनं हळूच विचारलं, “उठला का गं?”

“उठला,” मी म्हटलं.

पहारेकरी विडी ओढत बसला होता.

वर्षभर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आई गेली तेव्हा उठली आणि मला म्हणाली, शिवणकामातलं काहीतरी दे. गल्लीच्या टोकाच्या शिंप्याचं बटणं लावायचं काम मी तिला मिळवून दिलं. सकाळी मी सुया ओवून ठेवायचे, दिवसभर ती बोटांनी चाचपून टाके घालायची. डोळेवालीची बटणवाली झाली. शर्ट मात्र स्वतः पोचवायची, दर मंगळवारी, एकटी. माझा हात धरायची नाही, काठी तर नाहीच. बावीस वर्षं.

ती गेली तोही मंगळवारच. आठवडाभर छातीत दुखत होतं, दोन वाक्यांत दम लागत होता. मी म्हटलं, आज मी पोचवते. म्हणाली, “तू नेलेस तर शिंपी म्हणेल बाई थकली. मग पुढचे शर्ट दुसरीकडे जातील.”

दुपारी ती झोपली ती उठली नाही. सकाळचं मला शिंप्यानं नंतर सांगितलं. त्याला काही वेगळं जाणवलं नव्हतं. नेहमीच्या वेळेला आली, शर्ट फळीवर ठेवले, एका शर्टाचं काज मोठं कापलंय म्हणून त्यालाच चार शब्द सुनावले. पुढचे बारा शर्ट मागून घेतले, पायरी उतरली आणि भिंतीच्या कडेकडेनं घरी गेली.