फॅमिली ग्रुपवरची श्रद्धांजली

प्रसारमाध्यमांचा माझ्यावर काडीचाही परिणाम होत नाही. होणार कसा? गोंदियाच्या कॉलेजात मी तोच विषय शिकवतो! माध्यमांचा परिणाम कोणावर होतो, कसा होतो, हे फळ्यावर बाण काढून पोरांना समजावतो. (बाण सगळे दुसऱ्यांकडे जातात.)

याच विद्वत्तेपायी मी सासऱ्यांना दुखावून बसलो होतो. बाबा देवरीकडच्या खेड्यात शेती करतात आणि फॅमिली ग्रुपवर रोज झाडपाल्याची औषधं पाठवायचे. एकदा मी सगळ्यांदेखत लिहिलं, "बाबा, पाठवण्याआधी खरं-खोटं तपासत जा." बाबा ग्रुप सोडून गेले आणि त्यांनी माझ्याशी बोलणंही सोडलं!

"बाबाले शिकवाले गेले!" बायको, म्हणजे शारदा, कडाडली. "फोन करा अन् माफी मागा."

"करतो, करतो," मी म्हणायचो. करणं काही होत नव्हतं.

मग एका सकाळी माझ्या फोनवर मेहुण्याचा, दिलीपचा, मेसेज आला. दिलीप मराठी लिहितो ती इंग्रजी अक्षरांत. शारदाचे हात कणकेत होते.

"काय लिहून राहिला तो?" तिनं विचारलं.

मी मोठ्यानं वाचलं. "बाबाची... बॉडी भेटली. सगडे या."

शारदा मटकन खाली बसली. दिलीपला फोन लावला, तर लागेना. जंगलाकडे रेंज कधी असते, कधी नसते! मला रडू आलं. खरंच आलं. माफी मागायची राहूनच गेली होती.

पण विद्वान माणसाला रडून कसं चालेल? आमच्या शास्त्रात एक सिद्धांत आहे: बातमी आधी जाणत्या माणसाकडे जाते आणि त्याच्याकडून बाकीच्यांकडे. घरातला जाणता मीच! बाबांचा आमच्या लग्नातला फेटेवाला फोटो काढला, मोबाइलवरच त्याला हार चढवला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि ग्रुपवर सोडून दिलं. आमगावपासून नागपूरपर्यंत हात जोडले गेले.

"कसं झालं जी?" चुलतसासऱ्यांनी विचारलं.

"बहुतेक पाण्यात," मी लिहिलं. (बॉडी 'भेटली' म्हणजे कुठून तरी शोधून काढली असणार. तर्क!)

आम्ही पोचलो तेव्हा दोन जीप भरून नातेवाईक नुकतेच उतरत होते. बायका हंबरडा फोडत होत्या. आणि शेताच्या बांधावर, हातात नारळ घेऊन, साक्षात बाबा!

"कायले रडून राहिले जी सगडे?"

शारदा त्यांच्या गळ्यात पडली. दिलीप गोंधळून धावत आला. "अजी, मेसेज केलतो नं! बाबाची बोडी भेटली! सरकारी योजनेत मंजूर झाली! आज खोदाले सुरुवात, म्हणून पूजा हाय."

बोडी! धानाला पाणी देणारं छोटं तळं! इकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेला शब्द!

शारदाचे डोळे अजून ओले होते, पण नजर कोरडी झाली. "बोडीले बॉडी वाचलं तुम्ही?"

"स्पेलिंग..." मी पुटपुटलो. (स्पेलिंगच्या शेवटी 'आय' होता. 'वाय' माझा मीच वाचला.)

चुलतसासऱ्यांनी श्रद्धांजलीचं सांगितलं, तसा बाबांनी माझा मोबाइल मागून घेतला आणि आपला हारवाला फोटो लांब धरून निरखला.

"फोटो मस्त हाय," ते म्हणाले. "पर जवाईबापू, पाठवाच्या आधी खरं-खोटं तपासाव नं जी!"

सगळा बांध हसला. मी त्यांचे पाय धरले. "चुकलो, बाबा. तेव्हाही चुकलो होतो."

"तुमाले बोलाले मी मराले पायजे का?" बाबांनी मला उठवून हातात कुदळ दिली. नातेवाइकांनी आणलेले हार बोडीच्या पूजेला लागले आणि श्रद्धांजलीला आलेली मंडळी पोटभर जेवून गेली.

आता बाबा ग्रुपवर परत आले आहेत. त्यांचा डीपी तोच, हारासकट. रोज सकाळी ते काढा पाठवतात आणि रोज मी मुकाट्यानं अंगठा देतो.

वर्गात मी हल्ली एकच सिद्धांत जीव तोडून शिकवतो: माध्यमांचा परिणाम दुसऱ्यांवर होतो, आपल्यावर नाही, असं प्रत्येकाला वाटत असतं. उदाहरण म्हणून एका दीडशहाण्या जावयाची गोष्ट सांगतो. पोरं पोट धरून हसतात. परवा एकानं विचारलं, "सर, कोन होते जी ते जवाई?"

मी घाईघाईनं फळा पुसत म्हणालो, "होता एक दुसराच!"