हाक न मारता

माझ्या पहिल्या बाळंतपणानंतर सात वर्षं मी देवाशी बोलले नाही. घरात कोणाला हे ठाऊक नव्हतं. देवघर मी रोज पुसत होते, फुलं वाहत होते, दिवा लावत होते. पण ताटल्या पुसून फळीवर ठेवाव्यात, तसं. गुरुवारचा उपास चालूच होता. तो मोडला असता तर सासूबाईंनी कारण विचारलं असतं, आणि ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

आमचं दुकान हायवेवरच्या जाम गावाला, चौकाजवळ. टायर, ट्यूब, ट्रकचे सुटे भाग. दुकानामागेच घर. दिवसभर हायवेवर वर्दळ असायची, पण ती सगळी चहापुरती थांबून पुढे जाणारी माणसं. माझं माहेर वर्ध्याला, नालवाडीत. आई माझ्या लग्नाआधीच गेली. अडचणीत दत्ताचं नाव घ्यायचं, ही सवय तिची. तिच्यामागे ती माझ्याकडे आली होती.

पहिल्या वेळी, नव्वदीच्या मधल्या वर्षांत, मी एका मोठ्या दवाखान्यात दीड दिवस कळा देत होते. बाहेरच्या माणसाला आत येऊ देत नव्हते. शेजारच्या खाटांवर बायका येत होत्या, मोकळ्या होऊन जात होत्या, आणि मी तिथेच. ओरडले की तिथली बाई म्हणायची, "आता काऊन रडून राह्यली?" पुढचं बोलणं इथे लिहीत नाही. त्या दीड दिवसात मी दत्ताचं नाव किती वेळा घेतलं, ते मोजता येणार नाही. आधी मनात, मग मोठ्याने, मग नुसतं ओठांनी. कोणी आलं नाही. शेवटी चिमटा लावून बाळ काढलं. मुलगी झाली, पण ती पटकन रडली नाही. नंतर मला ताप चढला आणि चार दिवस तिला जवळ घेता आलं नाही. तिच्या भुवईजवळ चिमट्याची खूण राहिली. ती खूण दिसली की माझ्या मनात एकच प्रश्न यायचा: मी हाक मारत होते, तेव्हा तू कुठे होतास? उत्तर आलं नाही, म्हणून मी विचारणंही सोडलं.

दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा मी तीन महिने कोणाला सांगितलं नाही. यांना कळलं तेव्हा ते खूश झाले. माझा चेहरा पाहून म्हणाले, "तू कायले इतकी भेतं? सगळ्याच बायकाईचं होते." मायेनंच म्हणाले. पण ते दुकानात गेल्यावर मी मागच्या ओट्यावर बसून राहिले, आणि मला काय झालं होतं ते माहीत असलेलं या घरात एकही माणूस नाही, असं मला पहिल्यांदा स्पष्ट जाणवलं. ते खरंही होतं, कारण मी कोणाला सांगितलंच नव्हतं.

वर्ध्याच्या एका छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मला तपासत. त्या म्हणाल्या, सगळं ठीक आहे, पण शेवटचा महिना जवळ राहा. म्हणून मी नालवाडीला भावाकडे आले. मुलीची शाळा होती, ती जामलाच आजीजवळ राहिली. भाऊ सकाळी ऑफिसला जायचा, वहिनी शाळेत शिकवायला. वहिनी माझं जेवण झाकून ठेवून जायची. दहा ते पाच मी त्या घरात एकटी. ज्या घरात आई वावरत होती, तिथे आता दुपारी फक्त पंख्याचा आवाज. पोटातलं बाळ हलायचं आणि मी त्याच्याशीही बोलत नव्हते. बोलले आणि काही झालं तर, अशी भीती.

मार्चमधली दुपार होती. जेवण झालं आणि कंबरेत कळ आली. अर्ध्या तासात पाणी गेलं. मी दुकानात फोन लावला. नोकर म्हणाला, शेठ माल आणायले नागपूरले गेले. भावाच्या ऑफिसचा फोन सारखा एंगेज येत होता. डॉक्टरीणबाईंचा नंबर भिंतीवर लिहिलेला होता, मला दिसत होता, पण फोन फिरवायला हात उचलेना. मी जमिनीवर बसले. कळ फार मोठी नव्हती. पण अंगाला सात वर्षांपूर्वीचं सगळं आठवलं होतं आणि ते लाकडासारखं झालं होतं. दत्ताचं नाव ओठांपर्यंत आलं. मी ते गिळून टाकलं. या वेळी नाही, असं ठरवूनच.

तेवढ्यात दारात आवाज आला. "बाई, जुने कपडे हाय का?"

जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी भांडेवाली होती. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, डोक्यावर मोठी टोपली.  तिने जाळीच्या दारातून आत पाहिलं, टोपली उतरवली आणि न विचारता आत आली.

"घरी कोणी नाई का, माय?"

मी मान हलवली.

"पयली खेप हाय का?"

"दुसरी," म्हणाले, आणि मला रडू फुटलं. काय झालं, काय नाही, सगळं मी त्या अनोळखी बाईला तिथे जमिनीवर बसून सांगितलं. दीड दिवस, चिमटा, तो ताप. नवऱ्याला, वहिनीला जे सात वर्षांत सांगितलं नव्हतं, ते. तिने मध्ये बोलून थांबवलं नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "झालं ते झालं. ते बाळंतपण येगळं, हे येगळं. ऊठ आता. मी रिक्षा पाह्यतो."

कोपऱ्यावरून तिने रिक्षा आणली. तिची टोपली आमच्या बैठकीत राहिली, दिवसभराचं फिरणं राहिलं. तिने त्याचा उल्लेखही केला नाही. घराला कुलूप लावून किल्ली माझ्या पदराला बांधली. रिक्षात कळ आली की म्हणायची, "तोंडानं श्वास सोड. हं, असाच. आता गेली पाह्य."

दवाखान्यात नर्सने विचारलं, सोबत कोण? मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "मावशी हाओ मी इची." मी ते खोडून काढलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, भावाच्या ऑफिसात निरोप द्यायला सांगितलं, आणि मावशीला माझ्याजवळ थांबू दिलं.

त्या दुपारी मी त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात तिचा हात धरून फेऱ्या मारल्या. कळ आली की ती तळहाताने कंबर दाबून धरायची. एकदा मी विचारलं, तुम्हाला उशीर नाही का होत? ती म्हणाली, "होऊ दे. भांडे काई नासते का?" मला हसू आलं. कळा देताना हसता येतं, हे मला माहीत नव्हतं.

पण शेवटची वेळ आली आणि मी पुन्हा आखडले. टेबलाच्या कडा घट्ट धरल्या, दात आवळले. डॉक्टरीणबाई सांगत होत्या ते ऐकू येईना. मावशीने माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला.

"माह्याकडं पाह्य. कोणाशी लढून राह्यली तू? लढू नोको. ते येऊन राह्यलं, तू कायले अडवतं? येऊ दे."

मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि कडा सोडल्या. याहून वेगळं मला सांगता येत नाही. दुखणं कमी झालं नाही, पण ते माझ्यावर चालून येणं थांबलं. ते माझ्यातून जाऊ लागलं. त्या क्षणी मी एकटी नव्हते. खोलीत तीन बायका होत्या हे खरंच, पण मी त्यांच्याबद्दल म्हणत नाही. थोड्या वेळाने बाळाच्या रडण्याचा आवाज आला, लगेच, खणखणीत. मुलगी. तिला तशीच ओली माझ्या छातीवर ठेवली. खिडकीबाहेर अजून ऊन होतं.

भाऊ धावत आला तेव्हा मावशी बाहेर पडत होती. "टोपली घरात हाय, उद्या नेतो," एवढं त्याला सांगून ती गेली. दुसऱ्या दिवशी येऊन वहिनीकडून टोपली घेऊन गेली. वहिनीने साडी देऊ केली, तर तिने तिच्या रिवाजाप्रमाणे बदल्यात एक डबा ठेवला. मी दवाखान्यातच होते. नाव विचारायचं सगळ्यांचंच राहिलं.

राखीला मी दोन्ही मुलींना घेऊन नालवाडीला गेले. चार दुपारी तिची हाक ऐकू येते का म्हणून ओट्यावर बसले. पाचव्या दिवशी ती आली. मी पाया पडले तशी ती मागे सरकली. मी म्हणाले, "देवानंच पाठवलं होतं तुम्हाला."

ती हसली. "देव कायले पाठवीन वो मले? ऊन लय होतं. तुह्या दारात सावली दिसली म्हून थांबली."

मग तिने बाळाला मांडीवर घेऊन थोपटलं. म्हणाली, "माह्या पयल्या येळेले मी वावरात एकटीच होती. तो पोरगा राह्यला नाई." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "तवा कोणी आलं असतं तं बरं वाटलं असतं. तुले पाह्यलं अन् मले माहीच याद आली."

मी तिचा हात धरून बसून राहिले, तिने माझा धरला होता तसा. जाताना मी नाव विचारलं. ती म्हणाली, मावशीच म्हणत जाय.

त्या संध्याकाळी मी आईच्या देवघरासमोर बसले. सात वर्षांनी बोलायचं, तर सुरुवात कुठून करावी कळेना. आधी भांडून घेतलं. पहिल्या वेळचं सगळं सांगितलं, मावशीच्या मुलाचंही विचारलं. त्या दीड दिवसात तो कुठे होता, त्या वावरात का आला नाही, हे मला आजही ठाऊक नाही, आणि कोणी समजावून सांगायला लागलं तर मी ऐकून घेत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की मी मुद्दाम हाक मारली नव्हती, तरी दार उघडून कोणी आत आलं, आणि मुठी सोडायला मला त्याने शिकवलं. रडून झाल्यावर मी हात जोडले आणि नुसतं "आलास" म्हणाले. आत बाळ उठलं होतं. दिवा तसाच ठेवून मी तिला पाजायला गेले.