आईची पेरं

सत्तरीतली माझी आई फ्रेंच शिकतेय. तिची सहा वर्षांची नात रेवा फ्रान्सात वाढतेय आणि तिला मराठी जेमतेम येतं. आई जपासारखीच क्रियापदंही बोटांच्या पेरांवर म्हणते: नू, पार, लाँ, म्हणजे ‘आपण बोलतो’. दर तुकड्याला अंगठा एक पेर पुढे सरकतो. शब्द असा हातात आला की परका राहत नसावा.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलताना आई मध्येच एका शब्दावर अडली. अंगठा पेरावरच थांबला. पलीकडे रेवानं आपला इवलासा हात वर धरला, पहिल्या पेरावर अंगठा ठेवला आणि आजीसाठी तो शब्द सावकाश म्हणू लागली. दोघींचे अंगठे बरोबरीनं सरकत राहिले.

संध्याकाळी मी विचारलं, “आज जपाला बसली नाहीस?”

“झाला की,” आई म्हणाली.